रोज तीन, रविवारी पाच

बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. जुन्या करारात ९२९, नव्या करारात २६०. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे होतात २३, बावन्न आठवड्यांचे १,१९६. म्हणजे वर्षअखेरीला सगळं पवित्र शास्त्र वाचून वर सात अध्याय शिल्लक. हा हिशेब कित्येक प्रॉटेस्टंट घरांत चालत आलाय आणि कागदावर त्यात खोट काढायला जागा नाही. आमचे पप्पा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. जो हिशेब कागदावर जुळतो तो घरात का जुळू नये, हे त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

त्यातून यंदाच्या वॉच नाइटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, पाळकसाहेब म्हणाले, "बायबल शोकेसमध्ये नको, घराच्या मध्यभागी हवं." पप्पांनी ते शब्दशः घेतलं. १ जानेवारीच्या सकाळी शोकेसमधलं मोठं बायबल जेवणाच्या टेबलाच्या बरोब्बर मधोमध आलं आणि तिथे वर्षानुवर्षं नांदणारी लोणच्याची बरणी, मिठाची वाटी आणि मम्मीच्या बीपीच्या गोळ्या देशोधडीला लागल्या. फ्रिजवर तक्ता चिकटला. रकाने चार: तारीख, अध्याय, वाचक, शेरा.

"शेरा कशाला?" बायकोने विचारलं.

"कोण झोपलं ते लिहायला," पप्पा म्हणाले.

पहिला तंटा वेळेवरून झाला. पप्पांचा ठराव सकाळी सहाचा. आमच्या सोसायटीत सहाला नळाचं पाणी येतं, आणि घर चर्चच्या मंडळीतलं आहे की बाहेरचं, याचा विचार न करता ते पाऊण तासात जातं. शिवाय दोन डबे, चिरंजीवांची शाळेची बस. पप्पांनी नहेम्याचा आठवा अध्याय काढला: एज्राने उजाडल्यापासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि सगळे लोक उभं राहून ऐकत होते. बायकोने त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, दोन-चार वचनं खाली सरकली आणि दहावं वाचून दाखवलं. तिथे वाचन झाल्यावर लोकांना जा, मिष्टान्न खा, गोड प्या असं सांगितलंय. "ते मिष्टान्न करायला कोण उठलं होतं, तेवढं बघा ना पप्पा." वाचन रात्री साडेआठला गेलं.

बायको वसईची, कॅथलिक. लग्न होऊन इकडे आली तरी शास्त्राच्या बाबतीत तिने माहेर सोडलेलं नाही. पप्पांनी तक्ता समजावून सांगताना मोठ्या अभिमानाने "एकूण ६६ पुस्तकं" म्हटलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आमच्याकडे ७३ आहेत." पप्पांचा चेहरा बघवेना. वर्षाच्या सुरुवातीलाच सात पुस्तकांची तूट! त्यातल्या तोबितच्या पुस्तकात प्रवासाला निघालेल्या मुलामागे त्याचा कुत्राही जातो हे कळल्यावर चिरंजीवांनी ताबडतोब धर्मांतराची तयारी दाखवली. वर बायकोने माहिती पुरवली की त्यांच्याकडे रविवारच्या मिस्साची (उपासनेची) वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात, घाई नसते. "तीन वर्षं!" पप्पा म्हणाले. रेल्वेत असताना तीन वर्षं पडून राहिलेल्या फाइलींबद्दल ते याच सुरात बोलायचे.

मम्मी या सगळ्यात पडत नाही. तिचं बायबल वेगळं, तिच्या आईकडून आलेलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणून कित्येक वर्षं खपून केलेलं भाषांतर. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम हातावेगळं केलं होतं. तर या बायबलमध्ये रमाबाईंच्या शब्दांखेरीज विम्याच्या पावत्या, गॅसचं पुस्तक, माझा नववीचा निकाल (का जपलाय, देव जाणे), दोन मयतांच्या बातम्यांची कात्रणं आणि एक वाळका गुलाब आहे. मम्मीला संदर्भ सांगायला अध्याय-वचन लागत नाही. यशयाचा चाळिसावा कुठे? गॅसच्या पुस्तकापाशी. स्तोत्र ९१? लाइट बिलाच्या अलीकडे. ती पहाटे उठून काय वाचते, किती वाचते, ते तक्त्यात येत नाही. पप्पांनी एकदा विचारलं, "अहो, तुमचे पकडायचे का एकूणात?" ती म्हणाली, "माझं कुठे पुढे जातंय? मी आठवडाभर रूथमध्येच आहे." पप्पांनी पेन खाली ठेवलं.

उत्पत्ती मात्र मजेत गेलं. भावाभावांची भांडणं, जमिनीचे वाद, सासऱ्याने जावयाला चौदा वर्षं राबवून घेणं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात अनोळखी असं काही नाही. निर्गमही पंचविसाव्या अध्यायापर्यंत पळालं. अक्षरशः पळालं, कारण चिरंजीवांनी आपली पाळी आली की मोबाइलवरचं ऑडिओ बायबल दीडपट वेगाने लावायला सुरुवात केली. मोशे तांबड्या समुद्रातून अशा चपळाईने निघाला की फारोने पाठलागच का केला, असं वाटावं. पुढे निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं, बांधकाम निघालं. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच कोश, म्हणजे पेटी, आणि तोही बाभळीच्या लाकडाचा. इथे पप्पा हरखले, कारण आमच्या गावच्या शेताच्या बांधाला बाभळीशिवाय दुसरं काही उगवत नाही. पण पडदे, कड्या, खुंट्या, उथळ्या असं सगळं एकदा सांगून झाल्यावर दहा अध्यायांनी तेच सगळं प्रत्यक्ष केलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून येतं. बायको म्हणाली, "आधी कोटेशन, मग बिल." पप्पांनी शेऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं नाही, पण हात तिकडे गेला होता.

तक्त्याप्रमाणे लेवीय हे तिसरं पुस्तक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मध्ये परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची लग्नं झाली, एक पाहुणे चार दिवस म्हणून आले आणि आंबे संपेपर्यंत राहिले. दरम्यान मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे "आजचे वाचन पूर्ण" आणि त्यापुढे हात जोडलेली चित्रं येत होती. साडेपाचला! काहींचं तर आदल्या रात्रीच येत होतं.

अकराव्या अध्यायात शुद्ध-अशुद्ध प्राण्यांची यादी आहे. पाण्यातलं ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तेवढंच खायचं. म्हणजे कोळंबी गेली, खेकडा गेला, तिसऱ्या गेल्या. वसईत वाढलेली बाई हे ऐकून घेणं शक्यच नव्हतं. तिने प्रेषितांच्या कृत्यांतला दहावा अध्याय पाठच म्हणून दाखवला, ज्यात पेत्राला आकाशातून उतरलेल्या चादरीत सगळे प्राणी दिसतात आणि मार व खा असा आवाज येतो. चिरंजीवांना मात्र टोळ खाल्लेले चालतात हे फार आवडलं. शाळेच्या डब्यात न्यायचे का, असं त्यांनी विचारलं.

पण खरी मजा चौदाव्यात आली. आमच्या हॉलच्या भिंतीला वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपतं. दोन पावसाळे झाले, भिंतीवर हिरवट-तांबूस डाग पसरलाय. आणि लेवीयच्या चौदाव्या अध्यायात, कनान देशातल्या घराच्या भिंतीला हिरवट किंवा तांबूस चट्टे पडले तर काय करायचं, याची तपशीलवार पद्धत दिलेली! पप्पा वाचता वाचता थांबले, भिंतीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि ते वचन पुन्हा वाचलं. घरमालकाने याजकाला, म्हणजे पुरोहिताला, कळवायचं. याजक तपासायला येण्याआधी सामान बाहेर काढायचं. त्याने घर सात दिवस बंद ठेवायचं आणि सातव्या दिवशी परत येऊन बघायचं.

"सातव्या दिवशी येतो?" बायकोने विचारलं. "नक्की?"

"लिहिलंय," पप्पा म्हणाले.

आमचा प्लंबर मकरसंक्रांतीपासून उद्या येतोय. पुढे डाग पसरलेला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकायचे, आतून सगळं खरवडायचं, नवे दगड, नवा गिलावा. तरी डाग परत आला तर घर पाडायचं. इथे सगळे टेबलावर पुढे सरकून ऐकत होते, मोबाइल बाजूला पडला होता, कुणी जांभई दिली नव्हती. पप्पांनी तो उतारा सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवायचा बेत केला. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, यात खर्च कोणी करायचा ते दिलंय का? वरच्याने की खालच्याने?" पप्पा घरी येऊन अध्याय पुन्हा वाचत बसले. नाही दिलेलं. त्या अध्यायात वरचा मजलाच नाही.

गणना या चौथ्या पुस्तकाचा सातवा अध्याय कुणी तोंडाने, मोठ्याने, एका बैठकीत वाचलाय का? ८९ वचनं. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात. पहिल्या दिवशी यहूदा वंशाचा नहशोन: एकशेतीस शेकेलांचं (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदीचं ताट, सत्तर शेकेलांचा चांदीचा कटोरा, दहा शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, एक गोऱ्हा, एक मेंढा, एक कोकरू, एक बकरा, मग शांत्यर्पणासाठी दोन बैल, पाच मेंढे, पाच बकरे, पाच कोकरं. दुसऱ्या दिवशी दुसरा सरदार, आणि तेच ताट, तोच कटोरा, तेच पाच मेंढे. तिसऱ्या दिवशीही तेच. शेळीकरडाचाही फरक नाही. गावाकडच्या लग्नात जेवणाच्या पंगती चालू असताना लाउडस्पीकरवरून आहेर वाचतात, "अमुक अमुक यांजकडून मुलीच्या बापास एकशेएक रुपये आणि टोपी-टॉवेल", त्यातलाच प्रकार. फक्त इथे बाराच्या बाराजणांनी ठरवून सारखाच टॉवेल आणलेला.

चौथ्या सरदाराला चिरंजीव म्हणाले, "पप्पाआजोबा, 'वरीलप्रमाणे' म्हणू या ना."

"म्हणायचं नाही," पप्पा म्हणाले. "ज्याने दिलं त्याचं नाव आणि रक्कम माइकवरून गेलीच पाहिजे. तुझ्या आईबाबांच्या लग्नात एकाचा आहेर वाचायचा राहिला."

टेबलावर एकदम जिवंतपणा आला. कारण तो आहेर राहिलेले गृहस्थ म्हणजे मम्मीचे चुलतभाऊ, आणि ते अजून आमच्याकडे पाणी पीत नाहीत. मम्मीचं म्हणणं, नाव मुद्दाम गाळलं. पप्पांचं म्हणणं, चिठ्ठी हरवली. यावर गाद आणि रऊबेनचे सरदार ताटं-कटोरे घेऊन ताटकळत राहिले. शेवटी मम्मीने उरलेले नऊही सरदार स्वतः वाचले, एकेक मेंढा मोजून, आणि प्रत्येक नावाशी पप्पांकडे बघून.

झोपेचा विषय आला की पप्पा युतुखाची गोष्ट सांगतात. त्रोवसात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, खिडकीत बसलेला हा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आम्ही राहतो तिसऱ्याच मजल्यावर. चिरंजीवांची जागा तेव्हापासून खिडकीपासून दूर आहे. (पौलाने त्याला जिवंत उचललं आणि वर जाऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला, हे मला जास्त विचार करण्यासारखं वाटतं.)

गणपती उठले तरी आम्ही 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकातच होतो. तक्त्यावर थकबाकीचा पाचवा रकाना आला. शेवटी तोडगा चिरंजीवांनी काढला. त्यांना गणितात किती मार्क पडतात ते जाऊ द्या, पण त्यांनी शोधून काढलं की बायबलमध्ये एकेकाच अध्यायाची पाच पुस्तकं आहेत: ओबद्या, फिलेमोन, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, आणि यहूदा. पाचांची मिळून वचनं शंभराच्या आत. एकट्या स्तोत्र ११९ ची १७६ आहेत! "एका संध्याकाळी पाच पुस्तकं क्लिअर," ते म्हणाले. "नंतर स्तोत्र ११७. दोनच वचनं, पण अध्याय म्हणून पूर्ण धरतात." हिशेब खात्यातल्या माणसाला वर्षअखेरीची ही चलाखी ओळखता येत नाही असं नाही. पण पप्पा क्षणभरच घुटमळले.

सुरुवात फिलेमोनाने केली, कारण मम्मीच्या बायबलात तिथे रेशनकार्ड होतं आणि ते तिला हवंच होतं. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पळून गेलाय, पौलाला भेटलाय, आणि पौल त्याला मालकाकडे परत पाठवतोय. गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे, असं सांगतोय. अठराव्या वचनाला पौल म्हणतो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. एकोणिसाव्यात स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन.

"लेखी हमी आहे ही," पप्पा म्हणाले.

कुणीच काही बोललं नाही, कारण सगळ्यांना एकच गोष्ट आठवली होती. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई दिवाळीच्या तोंडावर उचल घेऊन गेल्या त्या गेल्याच, आणि त्याच आठवड्यात मला खाली गेटपाशी भेटून "वहिनींना विचारा ना, परत येऊ का" म्हणाल्या होत्या. मी अजून विचारलं नव्हतं. आता मीच विचारायचं, तेही पौलानंतर!

"किती होती उचल?" पप्पांनी विचारलं.

"तीन हजार," बायको म्हणाली. "आणि पौलाने भरले का पुढे पैसे?"

चिरंजीवांनी पान उलटलं. पत्र तिथेच संपत होतं, पुढे इब्री लोकांस सुरू. "नाही लिहिलेलं."

"कलस्सैकरांच्या पत्रात आहे तो अनेसिम," मम्मी म्हणाली. "चौथ्या अध्यायात. विश्वासू आणि प्रिय बंधू लिहिलंय." तिने पावतीही न बघता सांगितलं.

"पैशांचं आहे का?"

"ते नाही आठवत."

मग ते बघायलाच हवं होतं, आणि बघायचं तर पहिल्या अध्यायापासून, हे पप्पांचं तत्त्व. चार अध्याय. तेही तक्त्याबाहेरचे, त्यामुळे ते थकबाकीत धरायचे की आगाऊ जमेत, यावर आजोबा-नातवात जुंपली. ओबद्या, यहूदा आणि दोन्ही योहान राहिले बाजूला. आमटी दोनदा गरम झाली. बायकोने मधेच उठून बाल्कनीत जाऊन फोन लावला, सोमवारपासून या म्हणून सांगितलं, आणि आत येता येता एवढंच ऐकू आलं, "हो, पण पहिल्या महिन्यात उचल नाही हं, आधीच सांगते."