आठवड्याचा नंबर नको, तारीख पाठवा!

परत तेच! न्यूयॉर्कच्या फाइलमध्ये 4 जानेवारी 2026 दुसऱ्या आठवड्यात, लंडनच्या फाइलमध्ये पहिल्या. दोन्हीकडे कॉलमचं नाव 'वीक' आणि खाली नुसता आकडा. नंबरावरून फाइली जोडल्या की एकाच रविवारची विक्री दोन वेगळ्या ओळींत जाते, आणि वर मेल येतो की आमच्या पुण्याच्या टीमने आकडे चुकवले. अरे, चुकवले कुणी?

एक्सेलमध्ये नुसतं 'वीकनम' (तारखेवरून आठवड्याचा नंबर काढणारं सूत्र) लिहिलं की आठवडा अमेरिकेसारखा रविवारी सुरू होतो, आणि 1 जानेवारी ज्यात येते तो पहिला. आयएसओ 8601 या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला. 2026 ला 1 जानेवारीच गुरुवारी आली, म्हणून फक्त रविवारचे नंबर जुळत नाहीत. 2027 ला ती शुक्रवारी आहे. तेव्हा 3 जानेवारीपर्यंत 2026 चाच 53 वा आठवडा चालणार, आणि पुढे वर्षभर एकाचा फरक, रविवारी तर दोनाचा! 2021 आणि 2022 ला हाच गोंधळ झाला होता, तरी ढिम्म! आयएसओचा नंबर हवा तर 'वीकनम'च्या सूत्रात तारखेनंतर 21 टाका, नाहीतर 'आयएसओवीकनम' वापरा, झालं. वर्षही आयएसओचंच घ्या, नाहीतर 29 डिसेंबर 2025, जो आयएसओप्रमाणे 2026 च्या पहिल्या आठवड्यात येतो, तो '2025 चा आठवडा 1' होऊन बसतो.

आणि ब्रिटनवाल्यांनी सोमवारचा तोरा मिरवू नये. तुमच्या मातृत्व वेतनाचा पात्रता आठवडा (ज्यावरून हक्क ठरतो तो) रविवार ते शनिवार का? कराचा आठवडा 6 एप्रिलपासून का? म्हणजे 2025 ला रविवारी सुरू, 2026 ला सोमवारी. पेरोल करणाऱ्याने किती आठवडे डोक्यात ठेवायचे? अमेरिकेत तर ओव्हरटाइमच्या कायद्यातला 168 तासांचा आठवडा मालक कुठल्याही वारी, कुठल्याही तासाला सुरू करू शकतो. तो कधी सुरू होतो हे टाइमशीटवर लिहायला काय जातं? रविवारचे तास भलत्या आठवड्यात पडले की 40 च्या वरचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, तास चुकतात, म्हणजे कुणाच्या तरी हक्काचे पैसे बुडतात!

तारीख निवडायच्या चौकटीचंही तेच. भाषा अमेरिकन इंग्रजी केली की रविवार शेवटून उचलून पहिल्या कॉलममध्ये. सवयीने शेवटच्या कॉलमवर क्लिक करणाऱ्याला हवा असतो रविवार, बुक होतो शनिवार.

म्हणून हात जोडून सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवसाची तारीख पाठवा. तीही 2026-01-04 अशीच. 04/01 लिहिलंत तर न्यूयॉर्कवाला 1 एप्रिल वाचणार.