‘सिस्टर मोबाइल बघत बसतात’ : बेडसोरच्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज माझ्याकडे तीनदा आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, आमच्या नर्सिंगच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि एका रुग्णाच्या सुनेने ‘ताई, हे खरं आहे का?’ असं विचारत पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्युरोच्या (घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या) बायका दिवसाचे हजार रुपये घेतात आणि मोबाइल बघत बसतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होतात. म्हाताऱ्यांचं करायला शिक्षण नाही, माया लागते. पूर्वी घरच्या बायका सगळं करायच्या, तेव्हा कुठे होत होते बेडसोर? सरकारी सिस्टर आणि आशा पगार घेतात, पण घरी फिरकत नाहीत. आता सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं कार्ड आहे, तेव्हा सरळ दवाखान्यात ठेवा. आणि घरीच ठेवायची वेळ आली तर कॅमेरा लावा.

मला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली नर्स, होऊन एकोणीस वर्षं झाली. पहिली सात रुग्णालयात गेली, पुढची सहा पुण्यात ब्युरोमार्फत घरोघरच्या ड्यूट्यांवर, आणि आता सहा वर्षं सातारा जिल्ह्यात घरभेटी करणाऱ्या पथकात आहे. या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी कुणा ना कुणाच्या घरात, तोंडावर ऐकलेलं आहे.

पहिली गोष्ट मोबाइलची. कामचुकार बायका असतात. एका घरातून मी स्वतः सांगून एकीला काढायला लावलं होतं, कारण ती आजींना मुद्दाम पाणी कमी पाजायची, लघवी कमी व्हावी म्हणून. पण बेडसोर झालेल्या प्रत्येक घरात हीच कहाणी असते, असं धरून चालू नका. आधी एक हिशोब करू.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, नाकातून नळी असलेला माणूस घरात आहे असं समजा. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं धरली तर १२० मिनिटं. नळीतून सहा वेळा फीड, म्हणजे पातळ अन्न, द्यायचं. ते करणं, गाळणं, हळूहळू देणं, भांडी उकळणं यात दर खेपेला अर्धा तास, म्हणजे १८० मिनिटं. डायपर पाच वेळा, वीस-वीस मिनिटांचे, १०० मिनिटं. अंग पुसणं ४५. तोंडाची स्वच्छता तीनदा, ३०. गोळ्या कुटून चार वेळा देणं ४०. बीपी, साखर, लघवी मोजून लिहिणं ३०. हातापायांचे व्यायाम दोनदा, ४०. बेरीज ५८५ मिनिटं, म्हणजे पावणेदहा तास. यात कपडे धुणं नाही, रुग्णाशी दोन शब्द बोलणं नाही. आणि हे पावणेदहा तास सलग नाहीत, रात्रीच्या दोन आणि चारच्या वेळेसकट चोवीस तासांवर पसरलेले आहेत.

आता आपण ठेवतो ती ‘चोवीस तासांची बाई’ आठवा. एकच बाई, महिनोन् महिने. तिने रात्री बाराला, दोनला, चारला उठून सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाची कूस एकटीने बदलायची आणि सकाळी सहाला चहा टाकायचा. चौथ्या रात्रीपासून दोनची पाळी चुकते. आठव्या रात्रीपासून चारचीही. ती वाईट बाई असते म्हणून हे होत नाही. माणूस झोपतो.

या न झालेल्या कामांना परिचर्येच्या अभ्यासात स्वतंत्र नाव आहे. बिएट्रिस कॅलिश या अमेरिकी संशोधक परिचारिकेने २००६ मध्ये रुग्णालयांतल्या नर्सेसशी बोलून एक यादी काढली. नेहमी राहून जाणारी नऊ कामं त्यात होती: रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, आजाराबद्दल समजावून सांगणं, घरी सोडण्याची तयारी, धीर देणं, स्वच्छता, किती प्यायलं-किती लघवी झाली याची नोंद, आणि रुग्णावर लक्ष ठेवणं. कमी माणसं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना. त्यात इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. हात कमी पडले की आम्ही इंजेक्शन कधीच सोडत नाही, कारण ते कुणीतरी विचारणार असतं. ‘आज आजींना खिडकीपर्यंत चालवलं का?’ हे कुणीच विचारत नाही, म्हणून पहिलं तेच सुटतं.

माणसं कमी पडल्याने खरंच किती बिघडतं, याचा मोठा अभ्यास युरोपात झाला. नऊ देशांतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या ४,२२,७३० रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या आणि २०१४ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. हा अभ्यास रुग्णालयांतला आहे, घरातला नाही, हे मान्य. पण रुग्णालयात निदान प्रमाण तरी ठरलेलं असतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशोबाने साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि शिक्षण रुग्णालयात तिघांमागे एक. ते पाळलं जातं का, हा वेगळा प्रश्न. मी स्वतः रात्रपाळीला एकटीने अठ्ठावीस रुग्ण सांभाळले आहेत. घरातल्या सेवेला मात्र पाळायचं की मोडायचं असं कुठलं प्रमाणच नाही. घरपोच सेवा देणाऱ्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारी दुरुस्ती ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात करायचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही.

‘माया लागते, शिक्षण नाही.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ते आमच्या बाजूने बोलल्यासारखं वाटतं. माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते.

पुण्यात एका घरी माझी बारा तासांची दिवसपाळी होती. काका एक्याऐंशी वर्षांचे, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, डावी बाजू गेलेली. काकूंचे गुडघे दुखायचे, तरी त्या चादरीचं दुसरं टोक धरायला यायच्या. माकडहाड मी रोज बघायचे, दोन्ही खुबे बघायचे. डिसेंबर होता. काकांचे पाय गार पडतात म्हणून काकूंनी लोकरीचे मोजे घातले. इतक्या मायेने घातलेले मोजे काढावेत, असं चार दिवस कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही. पाचव्या दिवशी मोजा काढला तर डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा फोड. खाली दाबून बघितलं तर मऊ. ती टाच भरायला साडेतीन महिने लागले. काकूंची माया काही कमी पडली नव्हती. मोजा रोज काढून टाच बघायची, हे ज्ञान लागतं, आणि ते ज्ञान असूनही कामाच्या गडबडीत माझ्याकडून ते राहून गेलं होतं.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, आणि कातडी आतून मरायला लागते. त्याला काही तास पुरतात. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ती लाल दिसतही नाही. जागा जरा जास्त काळसर, कोमट, कडक लागते. पुष्कळ घरांत त्या जागेला तेल लावून चोळतात. चोळल्याने आतली इजा वाढते. हवेची गादी आणली की कूस बदलायचं थांबवतात, खरं तर गादी आल्यावरही कूस बदलावीच लागते. नळीतून फीड देताना डोक्याकडची बाजू उचललेली हवी आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच हवी, नाहीतर फीड फुप्फुसात जातं. यातलं काय मायेने आपोआप कळतं?

आणखी एक. ब्युरोला आपण ‘सिस्टर पाठवा’ म्हणतो. येते ती बहुतेकदा सिस्टर नसते. काही आठवड्यांचं शिकून, कधी तेही न शिकता आलेली मावशी असते. पैसे मावशीचे द्यायचे, काम नर्सचं सांगायचं आणि चुकलं की ‘नर्सेस अशाच’ म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. फोनवर सरळ विचारा: एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स केलेली) आहे, जीएनएम आहे की अटेंडंट?

पूर्वीच्या काळाबद्दल फार बोलत नाही. १९५१ च्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, आता सत्तरच्या आसपास आहे. जुन्या आकड्यात बालमृत्यू मोठे होते हे खरं, पण पक्षाघातानंतर नळीवर पाच वर्षं जगणारा माणूसही तेव्हाच्या घरात नव्हता. आणि बेडसोर होत नव्हते हे साफ खोटं. ‘पाठीला भोकं पडली होती, धूप जाळून बसायचो’ असं माझी आजी तिच्या सासूबद्दल सांगायची. ते सगळं करणाऱ्या सुनेचं पुढे कंबरडं मोडलं, ते कुणी मोजलं नाही.

आता सरकारी सिस्टर. सपाटीवर एक आरोग्य उपकेंद्र पाच हजार लोकांना, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांना. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक दहा टक्क्यांच्या जवळ होते. म्हणजे एका उपकेंद्रामागे पाचशेच्या घरात वृद्ध. त्यातले वीसातले एक जरी अंथरुणावर धरले तरी पंचवीस घरं झाली. आठवड्यातून प्रत्येकी एक भेट म्हणजे रोज पाच, वाडीवस्तीवर, बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीने. तीच एएनएम लसीकरण, गरोदर बायका, कुटुंबनियोजन, क्षयरोग आणि ऑनलाइन नोंदी करते. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि अंथरुणावरच्या रुग्णांना घरी भेटायचं काम त्यात लिहिलेलं आहे. ते काम तिच्या आधीच्या कामांवर रचलं गेलं. आशा तर नर्स नाहीच. हजार लोकांमागची ती मानधनावरची कार्यकर्ती आहे आणि त्या मानधनासाठी २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर बसावं लागलं. मेसेजमधल्या ‘पगार घेतात’ या दोन शब्दांत किती अन्याय आहे बघा.

वेगळं करता येतं. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजाऱ्यांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. तिथे पंचायतीच्या पैशावर नेमलेली नर्स गाडीतून घरोघर जाते, सोबत गावातले स्वयंसेवक असतात. स्वयंसेवक औषधं आणतात, बोलत बसतात, चादर धरतात. पण जखम बघायला आणि घरच्यांना शिकवायला नर्स असते. आपल्या ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्याबरोबर हा विषय कुणी मांडलेला तुम्ही ऐकलाय का?

पाच लाखांच्या कार्डाचं उत्तर सोपं आहे. आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून घेतलं, ते चांगलंच झालं. पण ते पैसे भरती होऊन घ्यायच्या उपचारांचे आहेत. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांपर्यंतचा औषध-तपासण्यांचा खर्च त्यात धरतात, रोज घरी येणारी नर्स धरत नाहीत. आणि प्रकृती स्थिर झाली की कुठलंही रुग्णालय खाट अडवून ठेवू देणार नाही. उलट घरातल्या कितीतरी जखमांची सुरुवात डिस्चार्जच्या दिवशी होते. वॉर्डात माणसं कमी, म्हणून नळी कशी धुवायची हे लिफ्टपाशी पाच मिनिटांत सांगितलं जातं, तेही बिलाच्या रांगेतून धावत आलेल्या मुलाला. घरी करणारी सून तेव्हा तिथे नसतेच.

राहिला कॅमेरा. लावा, हरकत नाही. कराडजवळच्या एका घरी होता. मुलगा शारजात. त्याने पहाटे तीनला मावशी खुर्चीत झोपलेली पाहिली, तिचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मावशी रडत कपड्यांची पिशवी भरत होती. मी त्याला तिथूनच फोन लावला आणि म्हटलं, दादा, कालचं सगळं रेकॉर्डिंग सकाळी पाचपासून बघा, फक्त तीनचं नको. त्याने बघितलं. त्याला दोन दिवस लागले. ती आदल्या दिवशी पहाटे पाचला उठली होती आणि रात्री बारापर्यंत एकवीस वेळा पलंगाशी गेली होती.

आम्ही दाराच्या मागे एक कागद लावला. आडवे तास, उभी कामं: कूस, टाचा, माकडहाड, फीड, पाणी, लघवी, तोंड. झालं की सही. नाही झालं तर रिकामं सोडायचं, खोटी सही करायची नाही, आणि रिकाम्या चौकोनावरून कुणी तिला रागवायचं नाही, एवढीच अट. आठवड्याने त्या कागदाचा फोटो शारजाला गेला. दोन आणि चारच्या खालचे चौदाच्या चौदा चौकोन रिकामे होते. त्याने फोन करून मला विचारलं, ‘सिस्टर, रात्रीसाठी वेगळं माणूस मिळेल का, आणि तिला काय द्यायला पाहिजे?’