विस्टेरियाच्या शेंगांची भाजी करू नका

परवा सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीहून मावशीचा फोन आला. "अगं, त्या जांभळ्या वेलाचं बी मागवलंय. शेंगांची घेवड्यावानी भाजी हुती म्हणं." व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज मलाही तीनदा आलाय: कोरड्या उन्हाळ्यात लॅव्हेंडर हे सुवासिक फुलांचं झुडूप आणि विस्टेरिया, म्हणजे मावशीचा तो जांभळा वेल, लावा, पाणी नको, वेल दोन वर्षांत फुलतो, शेंगा खाता येतात, डास पळतात, काश्मिरात पिकतं तर इथंही पिकेल.

आधी शेंगा. विस्टेरिया घेवड्याच्याच कुळातला, म्हणून शेंग ओळखीची वाटते. पण त्या शेंगांत आणि बियांत लेक्टिन आणि विस्टेरिन ही विषारी द्रव्यं असतात. थोड्या बिया पोटात गेल्या तरी मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. मावशीच्या घरात तीन वर्षांची नात आहे, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. तिच्या वयाला दोन-चार बियाही पुष्कळ झाल्या. चीनमध्ये या वेलाची फुलं खातात, एवढं खरं. पण फुलं खातात म्हणून शेंगाही चालतात, हे कुणी ठरवलं? कुणाच्या पोटात बी गेलंच, तर घरगुती उपाय करत बसू नका; उरलेलं बी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

दोन वर्षांत फुलतो हेही खोटं. बियांपासून लावलेला वेल फुलायला दहा-पंधरा वर्षंसुद्धा घेतो. आणि कुंडीतल्या लॅव्हेंडरनं अंगणातले डास जात नाहीत.

लॅव्हेंडरला पाणी कमी लागतं, हे मानते. तेही मूळ धरल्यावर. पण ते भूमध्य समुद्राकाठचं झाड. तिकडे पाऊस थंडीत पडतो. आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर, जमीन उबदार असताना पडतो. काळ्या रानात पाणी साचलं की मुळं कुजलीच. मेसेजमधलं 'काश्मीर' म्हणजे जम्मू विभागातल्या डोडा जिल्ह्यातलं भद्रवाह. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूच्या संस्थेनं सुगंधी पिकांसाठीच्या अरोमा मिशनमधून तिथे लॅव्हेंडरची शेती वाढवली, ती हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या डोंगरउतारांवर. त्याच्या जोरावर आटपाडीत एकरभर रोपं लावायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याचा पैसा बुडवणं.

हौसच असेल तर एक कुंडी घ्या, मातीत निम्मी वाळू-मुरूम घाला आणि पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवा. जांभळा वेलच हवा तर पेट्रिया आपल्याकडे छान फुलतो. रविवारी मावशीकडे त्याचं रोप घेऊन जातेय. बियांचं पाकीट तोवर आलंच, तर फोडू नको म्हणून सांगितलंय. ते मी घेऊन येणार.