पोरांना प्रश्न पडू तर द्या!

दरवर्षी तेच. शाळेत प्रकल्पाचं सूतोवाच झालं रे झालं की पोरं वही उघडून समोर हजर: "सर, विषय सांगा." मी कसला विषय सांगू? तुला काय प्रश्न पडलाय ते बोल ना बाबा! पण तेवढं थांबायला वेळ कुणाला आहे? पालकांना फाईल सजवायची घाई, वरच्यांना यादी हवी. मग आहेच 'प्लास्टिक: शाप की वरदान'. रत्नागिरीतही तेच, नागपुरातही तेच.

अरे, इथे रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मेत वाड्यांवर टँकर येतात! सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, ती कुणी कोरली ते अजून ठामपणे सांगता येत नाही. प्रश्नांचा काय तोटा आहे?

परवा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमची विहीर मेमध्ये आटते, शेजारच्या काकांची तेवढीच खोल आहे, ती का नाही आटत?" काय सुंदर प्रश्न! गाठी मारलेली दोरी सोडून दर आठवड्याला पाणी मोजता येतं, जांभा दगड कुठे सच्छिद्र आहे, खाली चिकणमाती कुठे लागते ते विहीर खणणाऱ्यांना विचारता येतं. बैठकीत मी हे सांगितलं, तर म्हणे, "प्रदर्शनात हे दिसणार कसं? त्यापेक्षा ज्वालामुखी करू दे."

कोकणात, विहीर सोडून, ज्वालामुखी!

पहिले दोन आठवडे पोरांना नुसतं बघू द्या, विचारू द्या. वही कोरी राहिली तरी राहू दे. यंदा विषयांची यादी मागायला माझ्याकडे कुणी येऊ नये.