फ्लॅटमध्ये शेजार नसतो?
"फ्लॅटचं दार लागलं की शेजार संपला" हे फ्लॅटमधल्या शेजारावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा आमच्या सांगलीतल्या अपार्टमेंटचा तळमजला पाण्यात आणि खालच्या काकूंची शेगडी, गाद्या, धान्याचे डबे सगळं आमच्या हॉलमध्ये, लाईट नाही, मोटर बंद, पिण्याचं पाणी तांब्यानं मोजून वाटायचो, वरच्या आजोबांचं इन्सुलिन डबीत घालून आमच्या माठात ठेवलेलं.

पार्किंगची, मेंटेनन्सची भांडणं लिहिलीत ती खरी आहेत, आमच्याकडं अजून चालू असतात. पण ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद होतं त्यांनीच आजोबांना पाठीवर घेऊन बोटीपर्यंत नेलं, हे पण लिहा की राव.