तीनशे बीबीला एस-जॅक कशाला खेळता?

पोकरच्या डीप स्टॅक कॅश गेममध्ये (म्हणजे पुढ्यात भरपूर चिप्स असताना) सगळ्यात जास्त पैसे खाणारा हँड (हातातली दोन पानं) कुठला असं मला विचाराल तर मी सत्ती-दुर्री म्हणणार नाही, तो कोणी खेळतच नाही (निदान तिसऱ्या पेगच्या आधी तरी नाही). मी सांगेन एस-जॅक ऑफसूट (एक्का-गुलाम, वेगवेगळ्या चिन्हांचे) आणि त्याच्या पाठोपाठ किंग-क्वीन ऑफसूट. दिसायला चित्रांची पानं, हातात आली की माणूस जरा सरसावून बसतो, आणि गोची तिथूनच सुरू होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला, तेव्हापासून गोव्यात मांडवीतल्या बोटींवर ऑनलाइन खेळून तयार झालेली पोरं मला जास्त दिसायला लागलीयत. पोरं हुशार आहेत, कुठल्या सीटवरून कुठला हँड ओपन करायचा (पहिल्यांदा बेट वाढवून खेळात उतरायचं) हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. पण तो सगळा चार्ट पाठ केलाय शंभर बिग ब्लाइंडचा (बीबी, म्हणजे पानं बघण्याआधीच लावायची मोठी सक्तीची रक्कम), तोही सहा जणांच्या टेबलाचा. आणि इथे नऊ जण बसलेत, निम्मे कॉल करायलाच (समोरच्याएवढेच पैसे घालायला) आलेत, आणि रात्री एक वाजेपर्यंत दोन-चार रीबाय (पुन्हा चिप्स घेणं) होऊन तीन जणांपुढे तीनशे-तीनशे बीबी पडलेत. तोच चार्ट इथे लावून कसं चालेल?

आकडे बघा म्हणजे कळेल. १००-२०० चा गेम आहे (म्हणजे ब्लाइंड १०० आणि २००), तुम्ही ६०० ला रेज केलं (बेट वाढवली), बटणवरून (शेवटी खेळणाऱ्या सीटवरून) एक कॉल, दोन्ही ब्लाइंड फोल्ड (पानं टाकली). पॉट (मधे जमलेले पैसे) झाला १,५००. आता फ्लॉपला (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) पूर्ण पॉट बेट म्हणजे १,५००, टर्नला (चौथं पान) ४,५००, रिव्हरला (पाचवं पान) १३,५००. बेरीज १९,५००. म्हणजे २०,००० घेऊन बसलेला माणूस तीन सरळ बेटमध्ये बरोब्बर ऑल-इन होतो (सगळे पैसे आत), कोणी कुणाला रेज न करता. पण पुढे ६०,००० (तीनशे बीबी) असतील तर? तीनदा पूर्ण पॉट मारूनही चाळीसेक हजार शिल्लक राहतात. ते आत जायचे तर मध्ये कुणीतरी रेज मारायलाच लागणार, आणि लाइव्ह गेममध्ये टर्न किंवा रिव्हरला मोठं रेज मारणाऱ्या काकांकडे नुसती टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी) असते असं मला तरी फारसं दिसलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की डीप बसलात तर हँड किती वेळा जिंकतो हे बघू नका, तो पूर्ण फुलला तर काय बनतो आणि त्याच्या वर काय बनू शकतं ते बघा. एस-जॅक पूर्ण फुलला म्हणजे बहुतेक वेळा टॉप पेअर. फ्लॉप आला एक्का-नव्वी-चौकी, तुम्ही खूश, बेट मारली, एस-आठवाला एकदा कॉल करून पळाला, तुम्हाला मिळाले दीड-दोन हजार. आणि ज्या दिवशी समोरचा हलतच नाही त्या दिवशी त्याच्याकडे एस-किंग किंवा नवव्यांचा सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचं तिसरं पान) असतो. मिळणार चिल्लर, जाणार नोटा.

मग खेळायचं काय? माझा लाडका हँड म्हणजे सूटेड एक्का (दोन्ही पानं एकाच चिन्हाची), एस-पाच, एस-चार सूटेडसुद्धा. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) फ्लॉपलाच लागण्याचं प्रमाण एक टक्कासुद्धा नाही, हे मान्य, पण साधारण ११ टक्के वेळा फ्लश ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी) येतो आणि तो लागला की नट्स (त्या वेळी शक्य असलेला सगळ्यात मोठा हँड). समोर राजाचा फ्लश घेऊन कोणी बसला असेल तर तो ६०,००० कसे वाचवणार, मला सांगा. शिवाय बदामचा एक्का तुमच्या हातात आहे म्हणजे दुसऱ्या कुणाकडे नट फ्लश असूच शकत नाही, त्यामुळे कधी ब्लफ मारायचा झाला तरी तोच एक्का कामाला येतो.

आता ज्यावर लोक माझ्याशी भांडतात ते. "डीप आहे ना, मग सत्ती-छक्की सूटेड कुठूनही खेळा" हे मला अजिबात पटत नाही. छक्की-सत्तीचा फ्लश म्हणजे सत्ती-हाय फ्लश, शंभर बीबीला तो लागला की डोळे झाकून पैसे आत, पण तीनशेला रिव्हरवर समोरून रेज आलं की पोटात गोळा येतो. तेच स्ट्रेटचं (लागोपाठची पाच पानं). फ्लॉप दश्शी-नव्वी-अठ्ठी आला तर तुमची स्ट्रेट तयार, पण क्वीन-जॅकवाला पुढे आणि जॅक-सातवालाही पुढे. याउलट जॅक-टेन घ्या, दोन्ही पानं वापरून फ्लॉपला स्ट्रेट लागली तर ती कायम नट्सच, अगदी खालच्या टोकाला लागली तरी, कारण एक्क्याच्या वर काही नाहीच. म्हणून जॅक-टेन सूटेड, क्वीन-जॅक सूटेड मी आनंदाने खेळतो, सत्ती-छक्की फक्त बटणवर किंवा त्याच्या आधीच्या सीटवर, तेही ओपन करणारा डीप असेल तरच.

पॉकेट पेअर्सचं (हातात आलेल्या जोडीचं) अर्धं खरं सगळ्यांना माहितीय. सेट साधारण साडेआठ वेळात एकदा लागतो, ६०० घालून ६०,००० वर डोळा, स्वस्तात आहे, घ्या. पण लागल्यावर समोरचा देणार कशाने? पहिल्या सीटवरून दुर्री-दुर्री खेळलात आणि पॉट खरंच फुगत फुगत तीनशे बीबीपर्यंत गेला तर सगळ्यात खालचा सेट किती वेळा पुढे असेल याचा विचार करा. दोघांकडे पेअर असताना दोघांचाही सेट फ्लॉपलाच लागणं शंभरात एखादी वेळ, पण ती एक वेळ अख्खा स्टॅक घेऊन जाते. नव्व्या, दश्श्या, गुलामांचं तसं नाही, ते सेटच्या मारामारीत बहुतेक वरच्या बाजूला असतात.

एक्क्यांच्या जोडीबद्दल थोडक्यात. २२१ हातांत एकदा येते, आणि लोक ट्रॅप लावायला नुसता कॉल करतात. अरे बाबा, तीनशे बीबीला २,४०० चा थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) पॉटसुद्धा जेमतेम ५,१०० चा होतो आणि मागे ५७,६०० राहतात, म्हणजे पॉटच्या अकरा पट. शंभर बीबीचा साधा सिंगल रेज पॉट याच्या जवळपासच असतो. फोर-बेट (त्यावर आणखी एक रेज) ७,००० ला मारा, कॉल आला तर पॉट १४,००० च्या वर आणि मागे ५३,०००, आता कुठे एक जोडी घेऊन खेळण्यासारखा पॉट झाला.

आणि हे सगळं तुमच्या एकट्याच्या स्टॅकवर ठरत नाही. तुमच्याकडे ६०,००० आणि मागे बसलेल्यांकडे ८-१० हजार असतील तर तुम्ही डीप नाही आहात, तेव्हा एस-जॅक खुशाल खेळा, तिथे टॉप पेअर म्हणजे सोनं. कोणी ४०० चा स्ट्रॅडल (पानं बघण्याआधीच लावलेली जादाची मोठी रक्कम) टाकला तर तेच ६०,००० तीनशेचे दीडशे बीबी झाले, हेही लोक विसरतात आणि सूटेड कचऱ्याला १,६०० कॉल करत बसतात.

सीटचं तर विचारूच नका. डीप आणि मोकळा खेळणारा माणूस तुमच्या उजव्या हाताला असेल, म्हणजे तो तुमच्या आधी खेळत असेल, तर वर सांगितलेली सगळी यादी थोडी सैल करा. तोच डावीकडे बसला असेल तर सत्ती-छक्की सोडा, एस-पाच सूटेडसुद्धा पुढच्या सीटवरून टाकून द्या, आणि फ्लोअरवाल्याला (टेबलांची व्यवस्था बघणाऱ्याला) आत्ताच सांगून ठेवा की त्याच्या डावीकडची सीट रिकामी झाली की पहिला नंबर माझा.