अकुतान बेटावरचे झीरो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात अलास्काजवळच्या अकुतान बेटावर कोसळलेल्या जपानी नौदलाच्या झीरो या लढाऊ विमानावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने आक्षेप नोंदवलेत, याबद्दल आभार. अपघात वैमानिकाच्या चुकीने झाला असताना मी दोष जमिनीवर ढकलला, अमेरिकेचे हेलकॅट विमान याच झीरोच्या अभ्यासातून जन्मले ही मुख्य गोष्ट गाळली, आणि विमान आजही अमेरिकेतील सॅन दिएगोच्या संग्रहालयात असताना ते नष्ट झाल्याचे लिहिले, असे आपले म्हणणे आहे. याशिवाय विमान ‘काही दिवसांतच’ सापडले हे माझे विधान आपण खोडून काढले आहे, आणि तिथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ४ जून १९४२ रोजी पडलेले विमान अमेरिकी कॅटालिना विमानातील गस्ती पथकाला १० जुलै रोजी दिसले. म्हणजे मध्ये पाच आठवडे गेले. मूळ लेखात मी तशी दुरुस्ती केली आहे.

अपघाताविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत त्या दुपारचा निकाल लावणे मला पटत नाही. झीरोचा वैमानिक तादायोशी कोगा तेव्हा १९ वर्षांचा होता. मित्सुबिशीने फेब्रुवारी १९४२ मध्ये बांधलेले ४५९३ क्रमांकाचे त्याचे विमान जेमतेम चार महिन्यांचे होते. र्‍युजो या विमानवाहू नौकेवरून उडून त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी डच हार्बर या अलास्कातील अमेरिकी तळावर हल्ला केला, त्या वेळी खालून झालेल्या गोळीबारात ऑइल कूलर आणि इंजिन यांच्यामधली तेलाची परतीची नळी तुटली. बाकी इंजिन धडधाकट होते. पण तेल वाहून गेल्यावर ते जाम होणार, हे उघड होते. अशा जायबंदी विमानांनी अकुतानवर उतरावे आणि पाणबुडीने वैमानिकांना उचलावे, अशी जपान्यांची योजना आधीच ठरलेली होती. त्यामुळे कोगा तिथे गेला तो घाबरून नव्हे, ठरल्याप्रमाणे गेला.

वरून त्याला दिसले ते सपाट, हिरवे कुरण. त्याने चाके खाली काढली. गुडघाभर गवताखाली पाणी आणि चिखल होता; चाके टेकताच रुतली, त्यांचे दांडे मोडले आणि विमान पुढच्या बाजूने उलटून पाठीवर पडले. कोगा जागीच गेला. पोटावर उतरला असता तर तो वाचण्याची शक्यता बरीच अधिक होती, हे मलाही मान्य आहे. वर घिरट्या घालणाऱ्या शिकादा या साथीदाराला गवतामधून चमकणारे पाणी दिसलेही होते. पण तोवर उशीर झाला होता. निर्णय चुकला, यात वाद नाही. पण इंजिन कोणत्याही क्षणी बंद पडणार असताना, एकाच प्रयत्नात, अनोळखी जमिनीचा पोत हवेतून ओळखायचा होता, हे सांगितल्याशिवाय त्या चुकीचे खरे वजन वाचकाला कळत नाही. शत्रूच्या मुलुखात पडलेले झीरो नष्ट करण्याचा आदेश असूनही साथीदारांनी त्यावर गोळ्या झाडल्या नाहीत, कारण आत कोगा जिवंत असेल अशी त्यांना आशा होती. या साऱ्या घटनेत मला सर्वांत अधिक भिडते ती हीच गोष्ट, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावरच उभा आहे, कारण त्यामुळेच विमान अमेरिकेच्या हाती लागले.

आता हेलकॅट. हा समज फार पसरलेला आहे, पण तारखा तो टिकू देत नाहीत. ग्रुमन कंपनीशी हेलकॅटच्या नमुन्यांचा करार जून १९४१ मध्ये झाला आणि पहिला नमुना २६ जून १९४२ रोजी उडाला. त्या दिवशी कोगाचे विमान चिखलात उलटे पडलेले होते आणि अमेरिकेत कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. अधिक ताकदवान इंजिनाचा नमुना ३० जुलै रोजी उडाला. झीरो सॅन दिएगोला पोहोचले ते ऑगस्टमध्ये. झीरोशी लढलेल्या वैमानिकांच्या अनुभवाचा हेलकॅटच्या घडणीत वाटा जरूर होता, पण तो या विमानाचा नव्हे. डावपेचही आधीच सुरू झाले होते. कोगा पडला त्याच ४ जूनला पॅसिफिक महासागरातील मिडवेच्या आकाशात अमेरिकी नौदलाचा वैमानिक जॉन थॅच आपली एकमेकांना राखणारी जोडीची चाल झीरोंविरुद्ध लढाईत वापरत होता.

मग या विमानाने दिले काय? दुरुस्तीनंतर २० सप्टेंबर १९४२ रोजी अमेरिकी नौदलाचे वैमानिक एडी सँडर्स यांनी ते उडवले, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत २४ उड्डाणे केली. सुमारे २०० नॉट, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या वर वेग गेला की पंखांवरचे एलेरॉन, म्हणजे विमान कलंडवणाऱ्या हलत्या पट्ट्या, इतके जड होत की दांडा रेटूनही विमान सावकाश कलंडे, आणि डावीकडे जितक्या सहज वळे तितके उजवीकडे वळत नसे. नाक एकदम खाली दाबले की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचके खाऊन बंद पडे. यातून वैमानिकांना नेमकी सूचना देता आली: झीरो पाठीशी लागले तर झटक्याने खाली सूर मारा, वेग वाढवा आणि जोरात उजवीकडे वळा. नवे विमान घडवण्याइतकी ही गोष्ट भव्य वाटत नसेल, पण त्या क्षणी हवेत असलेल्या माणसासाठी ती अधिक मोलाची होती.

राहिला संग्रहालयाचा मुद्दा. सॅन दिएगोत आपण पाहिलेले झीरो हे नंतरच्या बनावटीचे, वेगळे विमान आहे. कोगाचे विमान फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथल्याच नौदल तळावर संपले. नौदलाचे वैमानिक रिचर्ड क्रॉमेलिन ते उड्डाणासाठी धावपट्टीकडे नेत असताना मागून आलेले हेलडायव्हर हे अमेरिकी बाँबफेकी विमान त्यावर चढले आणि त्याच्या प्रोपेलरने झीरोचे तुकडे केले. क्रॉमेलिन बचावले. त्या ढिगातून वेगदर्शकासारखी काही उपकरणे आणि पंखाच्या टोकाचा घडी होणारा तुकडा एवढेच कोणीतरी उचलून ठेवले, आणि पुढे ते वॉशिंग्टनच्या नौदल संग्रहालयाला दिले गेले.